वेताची खुर्ची आणि पिएर जानरे

मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी एखादे चरित्र लिहून द्यावे, असा निरोप संपादक मंडळाकडून आला, तेव्हा आमच्या डोळ्यांसमोर प्रथम नेहमीचीच पूज्य नावे उभी राहिली. संत, समाजसुधारक, स्वातंत्र्यसेनानी यांची परंपरा आपल्याकडे थोर आहे; पण त्यांच्यावर लिहिणारे आमच्याहून अधिकारी लेखक या अंकात आहेतच. म्हणून आम्ही जरा वेगळी वाट धरली. आमचे चरित्रनायक महाराष्ट्रातले नाहीत, भारतातलेही नाहीत. त्यांचा जन्म स्वित्झर्लंडमधला आणि उमेदीची वर्षे पॅरिसमधली. परंतु आयुष्याच्या उत्तरार्धातील तब्बल चौदा वर्षे त्यांनी ज्या शहराला दिली, त्याच चंदीगडात आपले मंडळ गेली पन्नास वर्षे गणपती बसवीत आहे, कोजागिरीचे दूध आटवीत आहे आणि घरापासून हजार मैलांवर मुलांना बाराखडी शिकवीत आहे. आपल्यापैकी अनेकजण ज्या सरकारी घरांत राहिले, ज्या विद्यापीठात मुले शिकली, ज्या कचेऱ्यांत आयुष्य गेले, त्या साऱ्यांवर या गृहस्थांचा हात फिरलेला आहे. त्यांचे नाव पिएर जानरे.

या नावाशी आमचा संबंध आला तो एका खुर्चीमुळे. आमची या शहरात पहिली बदली झाली ती १९९६ साली. सामान अजून रेल्वेच्या मालधक्क्यावर, बिऱ्हाड अतिथिगृहाच्या एका खोलीत आणि कन्या दीड वर्षाची, अशा अवस्थेत आम्ही कार्यालयात रुजू झालो. दाखविलेल्या टेबलामागची खुर्ची पाहून मन थोडे खट्टूच झाले. शेजारच्या विभागातील अधिकाऱ्यांना रेक्झिनची, गिरकी घेणारी खुर्ची. आमच्या वाट्याला मात्र काळपट पडलेल्या सागवानाची, वेताने विणलेली, जुनाट हातांची खुर्ची. संध्याकाळी उठताना लक्षात आले की दिवसभर पाठ दुखली नाही आणि जूनच्या उकाड्यातही सदरा पाठीला चिकटला नाही. त्या खुर्चीत आम्ही तीन वर्षे काढली. ती कोणी योजिली असेल, हा प्रश्न मात्र एकदाही मनात आला नाही. कचेरीत खुर्चीविषयी बोलणे पुष्कळ होते, पण ते तीत पुढे कोण बसणार एवढ्यापुरतेच. पुढे जे कळले ते फार उशिरा कळले, आणि त्यात आमच्या पदरी एक चूकही होती. ती यथाक्रम सांगूच.

पिएर जानरे यांचा जन्म २२ मार्च १८९६ रोजी जिनीव्हा येथे झाला. तेथील कलाशाळेत त्यांनी वास्तुकलेचे शिक्षण घेतले. त्यांच्याच घराण्यातील, नात्याने चुलत बंधू असलेले आणि वयाने सुमारे साडेआठ वर्षांनी मोठे शार्ल-एद्वार जानरे हे त्यावेळी पॅरिसमध्ये चित्रकार, लेखक आणि वास्तुकार म्हणून धडपडत होते. घड्याळांच्या कारागिरीसाठी प्रसिद्ध असलेल्या ला शो-द-फाँ या स्विस गावचे हे तरुण १९२० च्या सुमारास नवे नाव धारण करून लिहू लागले. ते नाव म्हणजे ल कॉर्ब्यूझिए. विसाव्या शतकातील वास्तुकलेच्या इतिहासात या नावाइतके गाजलेले दुसरे नाव क्वचितच सापडेल.

शिक्षण आटोपून पिएर पॅरिसला आले, काँक्रीटच्या बांधकामात अग्रेसर असलेल्या ऑग्यूस्त पेरे यांच्या कचेरीत त्यांनी काही काळ उमेदवारी केली आणि १९२२ साली ते थोरल्या बंधूंचे भागीदार झाले. र्यू द सेव्र या रस्त्यावरील ३५ क्रमांकाच्या वास्तूत, एका जुन्या मठाच्या लांबट ओवरीत, त्यांची कचेरी थाटली गेली. दोघांच्या स्वभावात मोठे अंतर होते. थोरले बंधू वक्ते, लेखक, वादपटू. नव्या युगासाठी नवी घरे, नवी शहरे हवीत असा त्यांचा घोष असे. धाकटे बंधू मितभाषी. कल्पनेचे रेखाटन झाले की तिची मापे, जोड, खिडक्यांच्या चौकटी आणि खर्चाचा ताळमेळ बसवीत ते टेबलाशी वाकलेले असत. जगाने पहिल्याचे ऐकले. इमारती उभ्या राहिल्या त्या दोघांच्या मेहनतीने. पॅरिसजवळ प्वासी येथील व्हिला साव्ह्वा हे घर (१९२८ ते १९३१) आजही वास्तुकलेच्या प्रत्येक विद्यार्थ्यास अभ्यासावे लागते. त्याचे श्रेय कागदोपत्री दोघांचे आहे. लोकांच्या तोंडी मात्र एकच नाव आहे.

खुर्च्यांचेही तसेच झाले. १९२७ साली शार्लोट पेरियाँ ही चोवीस वर्षांची तरुण कलावती या कचेरीत दाखल झाली. पुढच्याच वर्षी तिघांनी मिळून पोकळ पोलादी नळ्यांच्या सांगाड्यांवर बसविलेली आसने तयार केली. त्यांत एक पाय पसरून पहुडण्याची लांब आरामखुर्ची होती आणि दुसरी चामड्याच्या जाड गाद्या नळ्यांच्या पिंजऱ्यात कोंबल्यासारखी दिसणारी ऐसपैस हातांची खुर्ची. १९२९ साली पॅरिसच्या शरद-प्रदर्शनात ही आसने तिघांच्या नावे मांडली गेली. कोरीव पायांच्या आणि मखमली बैठकीच्या खुर्च्यांची सवय असलेल्या लोकांना ती कारखान्यातून आल्यासारखी वाटली असल्यास नवल नाही. पुढे १९६५ च्या सुमारास एका इटालियन कारखान्याने त्यांचे नव्याने उत्पादन सुरू केले आणि मोठ्या कंपन्यांच्या स्वागतकक्षांत त्या जगभर जाऊन बसल्या. त्यांच्या व्यापारी नावात मात्र दीर्घकाळ केवळ ल कॉर्ब्यूझिए यांचीच आद्याक्षरे होती. पिएर यांनी याबद्दल कोठे तक्रार केल्याचे आमच्या वाचनात आलेले नाही.

१९४० साली जर्मन फौजा पॅरिसमध्ये शिरल्या आणि ही भागीदारी मोडली. मोडण्याचे कारण केवळ कामाचा अभाव हे नव्हते. ल कॉर्ब्यूझिए यांनी जर्मनांशी जुळवून घेणाऱ्या व्हिशी येथील सरकारकडे काम मिळविण्यासाठी खटपट चालविली. पिएर आल्प्सच्या पायथ्याशी ग्रनोबल येथे गेले, झाँ प्रूव्हे यांच्यासारख्या सहकाऱ्यांबरोबर झटपट उभारता येतील अशा घरांवर काम करू लागले आणि फ्रेंच प्रतिकार चळवळीत सामील झाले. वीस वर्षे एका टेबलावर बसलेले दोघे बंधू देशावरील संकटात दोन वाटांनी गेले. ज्या माणसाने नावासाठी कधी शब्द उच्चारला नाही, तो प्रसंग येताच आपल्या मताने चालला, ही गोष्ट त्यांच्या चरित्रात आम्हांस फार मोलाची वाटते. मितभाषी माणूस दुबळा असतो, हा समज त्यामुळे खोटा ठरतो.

आता थोडे आपल्याकडे वळू. १९४७ च्या फाळणीत पंजाबची राजधानी लाहोर पाकिस्तानात गेली. सरकारचा कारभार सिमल्याहून चालू लागला, पण लक्षावधी निर्वासितांच्या त्या प्रांताला स्वतःची राजधानी हवी होती. शिवालिकच्या पायथ्याशी जागा ठरली. प्रथम आल्बर्ट मेयर या अमेरिकन नियोजनकारांकडे काम गेले. परंतु त्यांचे गुणी सहकारी मॅथ्यू नोविकी १९५० च्या ऑगस्टमध्ये विमान अपघातात मृत्यू पावले आणि योजना अधांतरी राहिली. तेव्हा पंजाब सरकारचे दोन अधिकारी, प्रशासक पी. एन. थापर आणि मुख्य अभियंता पी. एल. वर्मा, नव्या वास्तुकाराच्या शोधात युरोपात गेले. दोन सरकारी नोकर हिवाळ्याच्या तोंडावर देशोदेशीच्या कचेऱ्यांच्या पायऱ्या चढत एका न जन्मलेल्या शहरासाठी माणूस शोधत आहेत, हे चित्र आमच्यासारख्या फायलींत आयुष्य घालविलेल्याला मोठे हृद्य वाटते.

लंडनचे मॅक्सवेल फ्राय आणि त्यांच्या पत्नी जेन ड्रू यांनी ल कॉर्ब्यूझिए यांचे नाव पुढे केले. ल कॉर्ब्यूझिए सल्लागार होण्यास राजी झाले, पण पॅरिस सोडण्यास त्यांची तयारी नव्हती. वर्षातून दोनदा, एकेक महिना येऊ, एवढेच त्यांनी मान्य केले. मग प्रत्यक्ष जागेवर राहून, ऊन-पाऊस सोसून, ठेकेदाराशी वाद घालून शहर उभे करणार कोण? फ्राय आणि ड्रू हे दांपत्य तीन वर्षांच्या कराराने येणार होते. तिसरे नाव ल कॉर्ब्यूझिए यांनी सुचविले ते दहा वर्षांपूर्वी दुरावलेल्या बंधूंचे. पिएर यांनी होकार दिला. १९५१ च्या फेब्रुवारीत ही मंडळी सिमल्याच्या वाटेवरील एका विश्रामगृहात जमली आणि थोड्याच दिवसांत शहराचा आराखडा कागदावर उतरला. पिएर यांचे वय तेव्हा पंचावन्नाला टेकले होते. आपल्याकडे त्या वयात माणूस निवृत्तिवेतनाचे हिशेब मांडू लागतो.

तीन वर्षांनी, १९५४ साली, करार संपताच फ्राय आणि ड्रू निघून गेले. जानरे राहिले आणि पुढे पंजाबचे मुख्य वास्तुकार व नगररचना सल्लागार झाले. उच्च न्यायालय, सचिवालय, विधानसभा हा काँक्रीटचा भव्य समूह ल कॉर्ब्यूझिए यांचा. त्याचे संकल्पन पॅरिसमध्ये होई, पण त्याच्या उभारणीवर रोजची नजर जानरे यांची असे. त्यापलीकडचे शहर, म्हणजे जेथे माणसे राहतात, शिकतात, आजारी पडतात आणि बाजारहाट करतात ते शहर, बहुतांशी जानरे, फ्राय, ड्रू आणि त्यांच्या भारतीय सहकाऱ्यांचे आहे. एम. एन. शर्मा, आदित्य प्रकाश, बी. पी. माथूर, जीत मल्होत्रा, ऊर्मिला युली चौधरी ही त्यांतील काही नावे. त्याच यादीत ए. आर. प्रभावळकर आणि जे. एस. देठे अशी, वाचताच आपल्याकडची वाटावीत अशी दोन आडनावेही आहेत. ती प्रथम वाचली तेव्हा परमुलखात गावाकडचे कोणी भेटावे तसे आम्हांस झाले.

सरकारी घरांची वाटणी पगाराच्या श्रेणीप्रमाणे तेरा प्रकारांत केलेली होती. पहिला प्रकार मुख्यमंत्र्यांचा आणि तेरावा शिपायांचा. पैसा थोडा, सिमेंट-पोलाद दुर्मिळ, आणि वीट मात्र स्वस्त. म्हणून जानरे यांनी विटेलाच कामाला लावले. विटांच्या जाळ्या, उन्हाला अडविणारे खोल सज्जे, छतावर उन्हाळ्यात निजण्याची सोय, असे साधे उपाय त्यांनी नाना प्रकारे योजिले. शिपायाच्या घरालाही दोन खोल्या, स्वयंपाकघर, संडास आणि मागे अंगण मिळाले. त्या काळी मुंबईच्या चाळीत एका खोलीत संसार करणाऱ्या आपल्या माणसांना हे ऐकून हेवा वाटला असता. आपल्या मंडळातील ज्येष्ठ सभासदांच्या पहिल्या बैठका अशाच अंगणांत भरत, असे आम्ही त्यांच्या तोंडून ऐकले आहे.

घरे झाली, कचेऱ्या झाल्या. पण त्यांत बसायचे कशावर? एका नव्या राजधानीला एकदम हजारोंच्या संख्येने टेबले, खुर्च्या, कपाटे, बाके लागतात. परदेशी सामान परवडण्याजोगे नव्हते आणि जुन्या इंग्रजी थाटाचे जड सामान या इमारतींत शोभणारे नव्हते. तेव्हा हे कामही जानरे यांच्या कार्यालयाने अंगावर घेतले. पॅरिसमध्ये ज्या हातांनी पोलादी नळ्या आणि चामडे वापरले होते, त्याच हातांनी आता सागवान आणि वेत निवडला. सागवानाला वाळवी सहसा लागत नाही आणि पावसाळी दमटपणाने ते फारसे फुगत नाही. वेताच्या विणीतून वारा खेळतो. दोन्हींवर काम करू शकणारे कारागीर येथे होते आणि यंत्रांवाचून ते काम होण्यासारखे होते. शहाणा माणूस दुसऱ्याच्या घरी गेला म्हणजे तेथील डब्यांत काय आहे ते पाहून स्वयंपाक करतो, तशातली ही गोष्ट.

या खुर्चीचे रूप एकदा पाहिले की विसरत नाही. बाजूने पाहिले तर दोन पाय वर एकत्र येऊन खाली फाकलेले, भूमितीच्या पेटीतील कंपास उघडून ठेवावा तसे. हे पाय मध्ये रुंद आणि टोकांशी निमुळते. त्यांवर आडवा टेकविलेला हात. अशा दोन बाजूंच्या मध्ये वेताने विणलेली बैठक आणि किंचित मागे कललेली पाठ. कोरीव काम नाही, नक्षी नाही, चकाकी नाही. कंपासाच्या आकाराचा हा पाय टेबलांना, बाकांना, लहानमोठ्या आसनांना फिरून फिरून वापरला गेला, त्यामुळे सुताराला एकदा साचा समजला की पुढचे काम सोपे होई. खुर्च्या एका कारखान्यात झाल्या नाहीत. निरनिराळ्या सुतारांकडे त्यांचे काम वाटले जाई. म्हणून एकाच नमुन्याच्या दोन खुर्च्यांतही कोठे पाय जाडसर, कोठे हात अंमळ रुंद, असा फरक आढळतो. वेत फाटला तर पुन्हा विणता येई आणि सांधा ढिला झाला तर कोणताही सुतार ठोकून देई. न्यायमूर्ती, आमदार, प्राध्यापक, कारकून, ग्रंथालयात वाचीत बसलेला विद्यार्थी, सर्वांच्या खुर्च्या एकाच कुळातल्या होत्या. मानाप्रमाणे गादी किंवा चामडे चढे एवढेच.

यांतील कोणत्याही खुर्चीवर जानरे यांची सही नाही. खुर्चीमागे रंगाने काही अक्षरे आणि आकडे मात्र लिहिलेले असत. ती साठा-नोंदवहीची खूण. कोणत्या खात्याची, कितवी, हे वार्षिक पडताळणीत कळावे म्हणून ती कोणीतरी ब्रशाने ओढलेली असे. शिवाय या खुर्च्या एकट्या जानरे यांच्या म्हणाव्यात काय, हाही प्रश्न अभ्यासकांनी अलीकडे रास्तपणे उपस्थित केला आहे. नमुने त्यांच्या कार्यालयात तयार झाले आणि त्या कार्यालयातील युली चौधरी प्रभृती भारतीय सहकाऱ्यांचा त्यांत मोठा वाटा होता. अज्ञात सुतारांचा आणि वेत विणणाऱ्यांचा वाटा तर नोंदलाच गेला नाही. आयुष्यभर थोरल्या बंधूंच्या नावाखाली झाकल्या गेलेल्या माणसाच्या नावाखाली पुढे इतरांची नावे झाकली जावीत, हा दैवदुर्विलासच म्हणावयाचा. आम्हांस वाटते, त्यांना स्वतःला ते रुचले नसते.

पाच क्रमांकाच्या सेक्टरमधील ५७ क्रमांकाच्या घरात जानरे १९५४ पासून १९६५ पर्यंत राहिले. मुख्य वास्तुकाराच्या घरात ऐटबाज सामान असेल असे कोणासही वाटेल. प्रत्यक्षात बांबू, दोर, लोखंडी सळ्या अशा क्षुल्लक वस्तूंपासून केलेली आसने तेथे होती, आणि नव्या नमुन्यांचे प्रयोग ते आधी स्वतःवरच करीत. सायकल, नौकाविहार, आणि वाटेत सापडलेले दगड व लाकडाचे ओंडके गोळा करणे हे त्यांचे छंद. १९५८ साली सुखना चोला बांध घालून तलाव झाला, तेव्हा त्यात फिरविण्यासाठी पायाने चालविण्याच्या नावेचा नमुनाही त्यांनी तयार केला. आपली मुले सुट्टीच्या दिवशी हट्ट धरून ज्या पायडलच्या नावांत बसत आली, त्या नावांची मूळ कल्पना त्यांची. पंजाब विद्यापीठाचा परिसर त्यांनी माथूर यांच्या साहाय्याने आखला. तेथील गांधी भवन पाण्याच्या कुंडात उमललेल्या कमळासारखे दिसते. ते पाहताना, ही वास्तू बंधूंच्या सावलीतून पूर्णपणे बाहेर आलेल्या हाताची आहे, असे आमचे मन सांगते.

१९६५ साली प्रकृती ढासळली आणि ऑगस्टमध्ये त्यांना हे शहर सोडून जिनीव्हास परतावे लागले. त्याच महिन्याच्या २७ तारखेस भूमध्य समुद्रात पोहताना ल कॉर्ब्यूझिए यांना मृत्यू आला. जानरे यांच्या जागी एम. एन. शर्मा हे चंदीगडचे पहिले भारतीय मुख्य वास्तुकार झाले. १ नोव्हेंबर १९६६ रोजी पंजाबची पुनर्रचना होऊन चंदीगड केंद्रशासित झाले आणि दोन राज्यांची राजधानी बनले. ही घडामोड जानरे यांनी दुरूनच ऐकली असणार. ४ डिसेंबर १९६७ रोजी, वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी, जिनीव्हा येथे त्यांचे निधन झाले. त्यांची अंतिम इच्छा अशी होती की आपली रक्षा चंदीगडात सुखना तलावात विसर्जित व्हावी. १९७० साली त्यांच्या आप्तांनी ती येथे आणली आणि इच्छा पूर्ण केली. जन्मगावी सुंदर सरोवर असलेल्या माणसाने शेवटचे पाणी निवडले ते पंजाबातल्या मातकट ओढ्याचे. आपल्यापैकी ज्यांनी आईवडिलांच्या अस्थी नाशिकला न्याव्यात की येथेच कोठे सोडाव्यात, असा विचार रात्रभर केला आहे, त्यांना या निवडीचे मोल वेगळे समजावून सांगावयास नको.

आता आमची चूक. आमच्या कार्यालयात दरवर्षी हिवाळ्याच्या अखेरीस एक दृष्टिहीन कारागीर वेत विणावयास येत. सगळे त्यांना बाबाजी म्हणत. व्हरांड्यात चटईवर बसून ते बोटांनी बैठकीची भोके चाचपीत आणि विणीचा एक धागाही चुकू देत नसत. एका वर्षी ते आले नाहीत. त्यांचे वय झाले होते, आणि त्यांच्या जागी दुसरा माणूस घेण्याचा प्रस्ताव काटकसरीच्या आदेशात अडकला. दोन उन्हाळ्यांत खुर्च्यांचे वेत फाटत गेले. १९९९ साली जुने सामान निकालात काढण्यासाठी तिघांची समिती नेमली गेली, तीत आम्ही होतो. अकरा खुर्च्या गच्चीवर रचून ठेवल्या होत्या. त्यांत आमची स्वतःचीही होती. दुरुस्तीचा खर्च नव्या खुर्चीच्या किमतीशी ताडून पाहिला, दुरुस्ती किफायतशीर नाही असा शेरा लिहिला आणि सही केली. नियमाप्रमाणे लिलाव झाला. एक कबाडी हातगाडीवर खुर्च्या रचून घेऊन गेला, आणि आम्हांस रेक्झिनची, गिरकी घेणारी खुर्ची मिळाली. त्या दिवशी आम्हांस आनंदच झाला होता, हे कबूल केले पाहिजे.

असेच लिलाव शहरभर होत होते. त्याच सुमारास काही फ्रेंच व्यापारी येथे येऊन या खुर्च्या विकत घेऊ लागले. त्यांनी त्या नीट करून पॅरिस, लंडन, न्यूयॉर्क येथे मांडल्या आणि जानरे हे नाव पुढे करून विकल्या. भंगाराच्या भावाने गेलेल्या जोडीला परदेशी लिलावात लक्षावधी रुपये मिळाल्याच्या बातम्या वर्तमानपत्रांत झळकू लागल्या. खुर्चीमागची ती साठा-नोंदवहीची खूणच आता अस्सलपणाचा दाखला ठरली. व्यापाऱ्यांनी चोरी केली नव्हती. सरकारी लिलावात त्यांनी रीतसर बोली लावली होती. शंभर वर्षे न झालेली वस्तू पुरातन वस्तूंच्या कायद्यात बसत नाही, म्हणून निर्यात रोखणेही अवघड होते. अखेर २०११ च्या फेब्रुवारीत केंद्रीय गृह मंत्रालयाने चंदीगडच्या वारसा वस्तूंच्या विक्रीस मनाई केली. पाठोपाठ झालेल्या मोजणीत १२,७९३ वस्तूंची नोंद झाली. २०१६ च्या जुलैत येथील कॅपिटॉल समूह युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेला आणि २२ मार्च २०१७ रोजी, जानरे यांच्या जन्मदिनी, त्यांचे राहते घर संग्रहालय म्हणून खुले झाले.

त्या संग्रहालयात आम्ही प्रथम गेलो तेव्हा आमची कन्या बरोबर होती. एक खुर्ची दाखवून, अशाच खुर्चीत तुझा बाबा तीन वर्षे बसत असे, असे आम्ही तिला सांगितले. तिने सहज विचारले की ती आता कोठे आहे. आम्ही सही केल्याचे तिला सांगितले. ती काही बोलली नाही. घरी येताना गाडीत मात्र तिने विचारले की बाबाजींचे खरे नाव काय होते. ते आम्हांस सांगता आले नाही. तीन वर्षे त्यांनी विणलेल्या वेतावर आम्ही बसलो होतो. खुर्चीच्या किमतीची हळहळ त्यानंतर आम्हांस वाटेनाशी झाली. नाव न विचारल्याची मात्र अजून वाटते.

सुवर्णमहोत्सवी अंकात हे चरित्र का, याचे उत्तर येथे आहे. आपल्या मंडळाच्या पहिल्या गणपतीचे मखर कोणी केले, पहिल्या नाटकाचे पडदे कोणी शिवले, पहिल्या वाचनालयाची पुस्तके पुण्याहून ट्रंकेत घालून कोणी आणली, हे सांगू शकणारी माणसे आता थोडी उरली आहेत. कार्यकारिणीच्या वह्यांत अध्यक्ष-चिटणीसांची नावे आहेत. ही नावे नाहीत. संपादक मंडळास आमची विनंती आहे की अंकाच्या अखेरीस दोन कोरी पाने ठेवावीत आणि ज्येष्ठांना विचारून ती नावे त्यांत लिहून घ्यावीत. आणि वाचकांनी एखाद्या रविवारी मुलांना घेऊन पाच क्रमांकाच्या सेक्टरमधले ते घर पाहून यावे. तेथून सुखना जवळच आहे. संध्याकाळी बांधावरून चालताना, या पाण्यात आपल्यासारखाच दुरून आलेला आणि येथलाच होऊन गेलेला एक माणूस आहे, हे मुलांना अवश्य सांगावे.